सेनगाव रोडवाले आधी

हिंगोलीला निघाले तेव्हा मिरजेत मला तिघांनी एकच विचारलं, तिथे बघायला काय आहे? मी औंढ्याचं ज्योतिर्लिंग आणि नामदेवांची नर्सी अशी दोन नावं सांगून सुटका करून घेतली. खरं तर मी एक दवाखाना बघायला चालले होते, आणि तोही बंद पडायच्या आत.

मी डॉक्टर नाही. मिरजेच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात बाह्यरुग्ण विभाग, म्हणजे ज्याला सगळे ओपीडी म्हणतात तो, मी अठरा वर्षं सांभाळला. पेशंट दारातून आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत त्याचे किती तास जातात, तो कुठे अडतो, कुणाला काय विचारायचं हे त्याला कळतं का, हे बघणं माझं काम. अनंत आमच्याकडे शिकाऊ डॉक्टर होता. हाताने हळुवार, स्वभावाने हट्टी. शिक्षण संपल्यावर तो आपल्या मुलखात परतला आणि हिंगोलीत त्याने डोळ्यांचा दवाखाना काढला. दिवाळीनंतर एका सकाळी त्याचा फोन आला.

"नलूताई, जानेवारीत नांदेडला जातोय मी. एका मोठ्या हॉस्पिटलात जागा मिळतेय. इथलं बंद."

"काय झालं रे?"

"काही झालं नाही, तेच तर. नऊला बसतो, सातला उठतो, दुपारचं जेवण पाचला. तरी रोज काही माणसं न तपासता परत जातात. मागच्या आठवड्यात एक बाई आल्या, दोन्ही डोळे गेलेले. काचबिंदू. दोन वर्षांपूर्वी मीच ओळखला होता, थेंब लिहून दिले होते. पुन्हा फिरकल्याच नाहीत. मी कुणासाठी बसलोय इथे?"

मी दोन आठवड्यांची रजा टाकली.

हिंगोली

मिरज ते पूर्णा हा प्रवास गाळते, त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. पूर्णेपासून मात्र लहान रुळाची गाडी, आणि तिचा वेग असा की रानातल्या माणसाशी दोन वाक्यं बोलून घ्यावीत. वसमतच्या आसपास रुळाकाठी हळदीची शेतं लागली, कंबरभर उंचीची, रुंद हिरव्या पानांची. सांगलीच्या पेठेत पोत्यांनी उतरणारी बरीच हळद इकडून येते असं ऐकून होते. ती अशी उभी बघितली आणि ओळखीचं माणूस त्याच्या घरी भेटावं तसं वाटलं.

हिंगोली वेगळा जिल्हा होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या होत्या, रस्ते जुनेच. अनंतची बायको माधवी हिने न्याहारीला सुशीला समोर ठेवली. पदार्थाचं हे नाव ऐकून मी तिच्याकडे बघतच राहिले. भिजवलेले चुरमुरे, शेंगदाण्याचा कूट, हिरवी मिरची, वरून लिंबू. आमच्याकडे चुरमुऱ्यांचं भडंग होतं, कोरडं आणि तिखट. ही ओली, मऊ. मी दुसऱ्यांदा मागून घेतली.

पहिला दिवस मी पेशंटांच्या बाकावर वही घेऊन बसले. कुणाला सांगितलं नाही मी कोण ते. आठ वाजल्यापासून गावातली माणसं येत होती. रफिकभाई, अनंतचे कंपाउंडर, खिडकीतून प्लॅस्टिकचे नंबर देत होते. साडेदहाला सेनगावकडची काळीपिवळी जीप आली, तिच्यातून उतरलेल्यांना चाळिसाच्या पुढचे नंबर मिळाले. आत अनंत प्रत्येकाला भिंतीवरची अक्षरं स्वतः वाचायला लावत होता, चष्म्याचा नंबर स्वतः काढत होता, डोळ्याचा दाब स्वतः मोजत होता, थेंब कसे घालायचे तेही स्वतः सांगत होता.

तीन वाजता सेनगावकडच्या गोरेगावच्या एका माणसाचा नंबर लागला. अनंतने तपासलं, बाहुली मोठी होण्याचे थेंब टाकले आणि अर्धा तास बाहेर बसायला सांगितलं. हे थेंब टाकल्याशिवाय डोळ्याचा मागचा पडदा नीट दिसत नाही. माणूस डोळे मिटून माझ्याशेजारी बसला. साडेतीनला उठला.

"अहो, थांबा ना, आता बोलावतील."

"बाई, चारची गाडी गेली की मी कुठं झोपू?" असं म्हणून तो भिंत धरत धरत निघून गेला.

वीस मिनिटांनी अनंतने आतून त्याचं नाव पुकारलं. मग पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा त्याच्या आवाजात जे होतं ते ऐकून मला त्याचा फोन पुरता समजला.

संध्याकाळी मी रफिकभाईंना विचारलं, "इथे यायच्या आधी काय करायचात?"

"परभणीत चष्म्याच्या दुकानात होतो मॅडम. पंधरा साल नंबर काढले."

"मग इथे का नाही काढत?"

त्यांनी हातातल्या प्लॅस्टिकच्या नंबरांची चवड सरळ केली. "साहेबांनी कभी बोला नहीं."

सिद्धेश्वर, चुकून

दुसऱ्या दिवशी मी एक प्रयोग केला आणि तो माझ्यावर उलटला. पेशंट कुठून येतात ते बघायला सेनगावला जायचंच होतं. म्हटलं, त्यांच्यासारखंच जाऊ. रफिकभाईंना सांगून मी माझ्याच डोळ्यांत ते बाहुलीचे थेंब टाकून घेतले.

"मॅडम, किस वास्ते?"

"बघते तरी, कसं वाटतं ते."

अर्ध्या तासाने बाहेर पडले. उन्हाने डोळ्यांसमोर नुसतं पांढरं झालं. पाट्या पुसल्यासारख्या. हातावरचं घड्याळ वाचता येईना. जीपच्या थांब्यावर एकाला सेनगावची गाडी विचारली, त्याने हात केला. त्या दिशेला दोन जीपा होत्या हे मला दिसलंच नाही. जी आधी हाताला लागली तिच्यात बसले. बाकीचे गप्पांत, मी डोळे मिटून. तासाभराने उतारू कमी झाले तसं मी विचारलं, "सेनगाव आलं का?"

सगळी जीप हसली. मी नेमकी उलट्या वाटेने औंढ्याच्याही पुढे, सिद्धेश्वर धरणाजवळ पोचले होते.

परतीच्या गाडीला वेळ होता. उन्हापासून कपाळावर हात धरून मी एका बाभळीखाली बसले. पलीकडे एक नवरा-बायको जाळं सोडवत होते. थोड्या वेळाने तो माणूस जवळ आला, माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघून म्हणाला, "तुमी हिंगोलीच्या डोळ्याच्या दवाखान्यातून आल्या काय?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"असाच हात धरून मी बी घरी आलतो."

त्यांचं नाव धोंडिबा. बायकोने, काशीबाईने, मला घरी नेलं. सकाळी धरलेल्या माशांचं कालवण, ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा. आमच्या कृष्णाकाठी माशाच्या रश्शात खोबरं असतं, इथे शेंगदाण्याचा कूट आणि काळं तिखट. दिसत काही नव्हतं, त्यामुळे काटे काशीबाई काढून देत होत्या आणि मी लहान मुलीसारखी जेवत होते.

"पुन्हा दवाखान्यात का नाही गेलात?" मी धोंडिबांना विचारलं.

"डॉक्टर लई गुणाचा हाय. त्याच्याबद्दल तक्रार न्हाई. पर दिवसभर बसून तिनाला नंबर लागला, औषध टाकलं अन् म्हणले साडेचारला या. गाडी चारची. आलो निघून. इथं उतरलो तं पाणी अन् आभाळ एकच दिसून राहिलं. त्या दिवशी जाळं बी टाकता आलं न्हाई. पुन्हा काहून जावं?"

मला हवं होतं ते सगळं त्या एका बोलण्यात मिळालं होतं. दवाखान्यातला सगळ्यात लांबचा माणूस सगळ्यात शेवटी तपासला जात होता, आणि त्याच्याकडे सगळ्यात कमी वेळ होता. ऊन कलल्यावर डोळे जरा निवळले. तेव्हा कुठे समोरचं पाणी दिसलं, पार टेकड्यांपर्यंत पसरलेलं, त्यात दोन-तीन होड्या. प्रवासात चुकीच्या गाडीत बसल्याचं इतकं समाधान मला पुन्हा कधी मिळालं नाही.

रिकामी बाकं

परत आल्यावर मी, अनंत, माधवी आणि रफिकभाई जेवायच्या टेबलाशी बसलो. मी चार गोष्टी सांगितल्या. नजर आणि चष्म्याचा नंबर रफिकभाई काढतील, डोळ्याचा दाब मोजायलाही अनंत त्यांना शिकवेल. जीपने आलेल्यांना अनंत सकाळीच एकदा धावतं बघून घेईल आणि ज्यांना चालतील त्यांना थेंब तेव्हाच टाकले जातील, म्हणजे नंबर लागेपर्यंत बाहुली तयार. खिडकीत नंबर देताना गाव विचारायचं आणि लांबचा माणूस आधी घ्यायचा, गावातल्यांना दुपारची वेळ द्यायची. आणि एकेका रस्त्याला आठवड्याचा एक वार ठरवायचा, जुन्या पेशंटांनी त्या वारी दाखवायला यायचं.

"गावातले मला फाडून खातील," अनंत म्हणाला.

"खाऊ देत. तू नाहीतरी नांदेडला चाललायस."

माधवी पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, "औषध समजावून सांगायला मी बसते. लग्नाआधी नर्स होते मी, विसरले नाही अजून." अनंत तिच्याकडे असा बघत राहिला जणू ही माहिती त्याला नवीन होती.

रफिकभाईंनी पुठ्ठ्यावर सुरेख अक्षरांत पाटी रंगवली: सेनगाव रोडवाले आधी. सेनगाव रोडसाठी वार निवडताना मी हिंगोलीच्या बाजाराचा दिवस मुद्दाम टाळला. बाजाराच्या गर्दीत दवाखान्यात कोण येणार, असा माझा हिशेब.

ठरलेला दिवस उजाडला. आठ वाजता गावातले एक कापडाचे व्यापारी आले, पाटी वाचली आणि खिडकीवर हात आपटला. "आमी गावातले. आमचा नंबर मागं काहून?" रफिकभाईंनी दुपारी तीनची वेळ सांगितली. ते चिडून गेले, त्यांच्यामागे आणखी चार-पाच जण गेले. आम्ही बाकं पुसून सेनगावच्या जीपची वाट बघत बसलो. साडेदहाला जीप आली. तिच्यातून दवाखान्यात दोनच माणसं आली, आणि त्यातला एक पत्ता विचारायला आला होता.

अकरा वाजता अनंत तपासणीच्या खोलीतून बाहेर आला, रिकाम्या बाकांकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, राहू दे. तुम्ही आलात हेच खूप झालं."

माझ्याकडे अठरा वर्षांचा अनुभव होता, आणि तो मिरजेचा होता.

सेनगाव, गोरेगाव आणि एक तांडा

त्याच दुपारी मी त्या जीपच्या ड्रायव्हरकडे गेले. गजानन नाव, तिशीचा, गळ्यात मफलर, गाडी सुटेपर्यंत एका जागी न थांबणारा. मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "मॅडम, तुमाला हा वार कोणं सांगितला?"

"मीच ठरवला. बाजार नको म्हणून."

"चुकलं तुमचं. आज कोण येईन? तूर उभी हाय, कापूस फुटून राहिला, मजुरी बुडवून नुसतं डोळ्यासाठी कोणी निघत न्हाई. बाजारच्या दिवशी माणूस निघतंच. माह्या गाडीच्या चार खेपा व्हतात त्या दिवशी. म्हाताऱ्याला बी घेऊन येतेत, बाजार बी करतेत. बराबर हाय का न्हाई?"

बरोबर होतं. पहिल्या दिवशी मी सेनगावची जीप भरून आलेली बघितली तो बाजाराचाच दिवस होता. मी त्याला विचारलं, तुझ्या गाडीत मी उद्या दिवसभर हिंडू का? तो म्हणाला, पुढच्या सीटवर बसा, पण दोन माणसं आणखी बसतील. तीन बसली.

हिंगोली सोडली की काळी रानं सुरू होतात. नोव्हेंबरचे दिवस, सोयाबीन निघून गेलेलं, तुरीला पिवळा फुलोरा, कापसाच्या शेतात बायका ओळीने वाकलेल्या. मधूनच खडकाळ माळ आणि सागाची खुरटी झाडं. आमच्याकडच्या उसाच्या हिरव्या भिंती नाहीत, त्यामुळे नजर लांबवर जाते. सेनगावला चहा झाला. इतका गोड की चमचा उभा राहावा. गोरेगावच्या बाजारपेठेत गजाननने प्रत्येक ओळखीच्या दुकानात गाडी थांबवून माझ्या वतीने घोषणा केली, "बाजारच्या वारी डोळ्याचा डॉक्टर आपल्या गावाला आधी घेनार हाय, चारच्या आत मोकळं!" मी नुसती मान हलवत होते.

अनंतच्या जुन्या कागदांतून मी एक नाव काढून आणलं होतं. गोमलीबाई, गोरेगावजवळच्या एका बंजारा तांड्यावरच्या. उजवा डोळा काचबिंदूने गेलेला, डावा वाचण्यासारखा, आणि आठ महिने पत्ता नाही. गजाननला तांडा माहीत होता.

तांड्याच्या तोंडाशी लिंबाखाली एक म्हाताऱ्या बाई गोधडी शिवत बसल्या होत्या. आरशांची चोळी, घोळदार घागरा, दोन्ही हातांत कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. पुढ्यातल्या सुनेने, शेवंताने, सुईत दोरा ओवून दिला. त्याच गोमलीबाई.

मी दवाखान्यातून आल्याचं सांगितल्यावर त्यांनी सुई थांबवली नाही. "औषध सोडलं मी. चार महिने टाकलं. डोळा उघडला का? न्हाई. ज्या औषधानं दिसत न्हाई ते काहून टाकू?"

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"ते बोलले काहीतरी. बाहेर गाडी वाजत होती."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. म्हटलं, आपण एक करून बघू. आधी शेवंताला बोलावलं. तिला एक डोळा झाकून माझ्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि माझं बोट तिच्या कानाच्या बाजूने हळूहळू पुढे आणलं. "दिसलं की सांग." बोट कानापासून जरा पुढे आलं आणि ती म्हणाली, "हे काय, दिसलं."

मग गोमलीबाई. बोट कानाजवळून निघालं, गालापर्यंत आलं, डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत आलं. त्या माझ्या नाकाकडे एकटक बघत होत्या आणि काही बोलत नव्हत्या. बोट जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा म्हणाल्या, "आता दिसलं."

शेवंताच्या तोंडून "याडी!" एवढंच निघालं. याडी म्हणजे आई.

गोमलीबाईंनी माझा हात धरला आणि स्वतःच ते बोट पुन्हा कानाकडे नेलं, पुन्हा पुढे आणलं. दोनदा. मग म्हणाल्या, "म्हणजे हे दार बंद होऊन राहिलं व्हय?"

"हो. बंद झालं तेवढं पुन्हा उघडणार नाही. खोटं सांगत नाही तुम्हाला. पण जेवढं उघडं आहे तेवढं धरून ठेवण्यासाठी ते थेंब आहेत."

"असं सांगायचं की मंग," त्या रागावून म्हणाल्या, आणि शेवंताला विचारलं, "बाजार कधी हाय?"

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. चुलीतली जाड भाकरी, लसणाची चटणी आणि ताक. गजानन हॉर्न वाजवत राहिला, त्यालाही आत बोलावून वाढलं.

बाजाराचा वार

त्या दिवशी मी सातलाच दवाखान्यात जाऊन बसले. पावणेदहाला गजाननची पहिली खेप आली आणि जीपमधून माणसं उतरतच राहिली. टपावरून दोघं उतरले. दवाखान्याच्या पायरीवर रफिकभाई पांढरा सदरा घालून उभे होते, लग्नात पाहुण्यांना घेतात तसे एकेकाला आत घेत होते. "गोरेगाव? इकडे बसा. सेनगाव? तुम्ही इकडे."

अनंतने एक चक्कर मारून सगळ्यांचे डोळे बघून घेतले. रफिकभाईंची खोली सुरू झाली, भिंतीवरची अक्षरं मोठ्याने वाचली जाऊ लागली. साडेदहापर्यंत अर्धी माणसं थेंब टाकून डोळे मिटून ओळीने बसली होती आणि अनंतच्या दारात गर्दी नव्हती. एक जण बाहेर आला की दुसरा तयार. आत जायला, तपासायला, बाहेर यायला काही मिनिटं. शेवटी माधवीची खुर्ची. ती प्रत्येकाकडून, आणि त्याच्याबरोबर आलेल्याकडून, थेंब घालून दाखवून घेत होती.

एक घोटाळा झालाच. सेनगावच्या एक बाई थेंब टाकल्यावर कंटाळून मधेच बाजार करून आल्या, आणि पिशवीतून कोथिंबीर म्हणून शेपूची जुडी काढली. सगळे डोळे मिटूनच हसले. त्यानंतर रफिकभाई दारातच सांगू लागले, "पहले डोळे, फिर बाजार."

गोमलीबाई दुसऱ्या खेपेला आल्या. डाव्या डोळ्याचा दाब नको तेवढा चढला होता. अनंतने त्यांना दोन औषधं लिहून दिली आणि मग त्याने खुर्ची पुढे ओढून, बोट कानाजवळ धरून, स्वतः त्यांना सगळं पुन्हा समजावलं. घाई नव्हती. बाहेर कुणी खोळंबलं नव्हतं. मी दारातून बघत होते. मिरजेत पहिल्यांदा पेशंटशी बोलताना तो असाच पुढे झुकून बसायचा.

दोनच्या आत सकाळच्या दोन्ही खेपा मोकळ्या झाल्या. तीनला कापडाचे व्यापारी आले, चेहरा अजून फुगलेला. वीस मिनिटांत चष्म्याचा नंबर घेऊन बाहेर पडले. पायरीवर थांबून त्यांनी घड्याळ बघितलं. "आधी आठला यायचो अन् बाराला सुटायचो," ते मला म्हणाले. "असं असतं तं पाटी आधीच लावायची न्हाई का!"

दुसऱ्या दिवशी औंढा रोडचा वार होता. औंढ्याच्या जीपवाल्याकडून निरोप पाठवला होता, त्याप्रमाणे धोंडिबा आले, बरोबर काशीबाई. मोतीबिंदू पिकत आला होता, ऑपरेशनची तारीख घेऊन गेले. जाताना काशीबाईंनी माधवीच्या हातात पानात गुंडाळलेले मासे ठेवले, आणि त्या दिवशी डॉक्टरांच्या घरी माशांचं कालवण मी केलं, शेंगदाण्याचा कूट घालून.

शेवटचा दिवस

माझी रजा संपायच्या दिवशी पुन्हा बाजार होता. गाडी संध्याकाळची, म्हणून सकाळी दवाखान्यात गेले. गजाननची जीप आली तेव्हा आधी बांगड्यांचा आवाज आला. गोमलीबाई पुढच्या सीटवर होत्या. मागे तांड्यावरची अकरा माणसं, सगळी चाळिशीच्या पुढची.

"हे कोण सगळे?" मी विचारलं.

"सगळ्यांची बोटं बघितली मी," त्या म्हणाल्या. "या दोघांचं बोट लई उशिरा दिसतं. बाकीचे असेच आणले. दाखवून घेऊ दे."

रफिकभाईंनी गोमलीबाईंच्या डोळ्याचा दाब मोजला, आकडा कागदावर लिहिला आणि कागद आत नेला. अनंत कागद घेऊन बाहेरच आला. "नलूताई, उतरलाय. चांगला उतरलाय!" तो सगळ्या पेशंटांसमोर ओरडला. मग गोमलीबाईंना म्हणाला, "आजी, रोज टाकलंत ना?"

"दोन्ही वेळा. शेवंताला विचार."

बोट उशिरा दिसणाऱ्या त्या दोघांपैकी एकाला खरोखरच काचबिंदूची सुरुवात होती. दोन्ही डोळे शाबूत, दोन्ही वाचण्यासारखे. अनंत त्याला तपासून उठला तो सरळ टेबलाजवळ गेला, नांदेडला फोन लावला आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं की जानेवारीत येत नाही. "नाही, पगाराचा प्रश्न नाही," तो म्हणाला. "इथे काम आहे." फोन ठेवला आणि पुढचं नाव पुकारलं. माधवी थेंबांची बाटली हातात धरून तशीच उभी राहिली, मग पदराने डोळे पुसून पुन्हा खुर्चीवर बसली.

तिच्या शेजारच्या खुर्चीत गोमलीबाई बसल्या होत्या. तांड्यावरच्या त्या माणसाची मान मागे धरून त्याला त्यांच्या बोलीत दटावत होत्या. शब्द मला कळले नाहीत, अर्थ कळला: हलू नको, वर बघ. थेंब बरोबर जागी पडला.

मग दुपारी दीडला, खरोखरच्या जेवायच्या वेळेला, अनंत तपासणीच्या खोलीतून बाहेर आला. गळ्यातला चष्मा हातात घेतला, पेशंटांचे कागद ठेवायच्या पेटीत बघितलं, ती रिकामी होती. त्याने बाकांकडे बघितलं. दारातून बाहेर पायरीवर बघितलं. जीप निघून गेली होती, रस्त्यावर धूळ बसत होती.

"रफिकभाई, अजून कोण आहे?"

रफिकभाई बाकं भिंतीला लावत होते. "कोई नहीं, साहब. सगळे झाले."

अनंत दारातून वळला आणि मोठ्याने हसत सुटला.